बॅटरीचे दात

बारामती-इंदापूर पट्ट्यात कुणाच्या दारात नवी गाडी आली की पेढा तोंडात असतानाच पाहुणा विचारतो, "आणि विकायची म्हटली तर काय येतील?" बॉनेटवरचं कुंकवाचं स्वस्तिक अजून ओलं असतं, चाकाखाली चिरडलेल्या लिंबाच्या बिया रस्त्यावर पडलेल्या असतात, आणि मालकही जराही न दुखावता हिशेब सांगायला लागतो. अभद्र बोललो असं विचारणाऱ्याला वाटत नाही, ऐकणाऱ्यालाही वाटत नाही. आमच्याकडं गाडी स्वतःसाठी घेतच नाहीत. ती पुढच्या गिऱ्हाइकासाठी घेतात. मधली सहा-सात वर्षं आपण ती सांभाळायची, इतकंच.

म्हणून तर रंग पांढरा. घरात बाईमाणसांना निळी आवडलेली असते, पोरीनं फोनमध्ये लाल गाडीचे फोटो साठवलेले असतात, पण अंगणात येते ती पांढरीच, कारण ते कुठलं कोण गिऱ्हाईक, त्याला पांढरी आवडते. सीटवरचं प्लास्टिक एप्रिलमध्ये मांड्यांना चिकटतं, तरी काढायचं नाही. ते त्याच्यासाठी आहे. मागच्या काचेवर कुलदैवताचं नाव हवं असतं, पण तेही निघणाऱ्या स्टिकरवर, कारण त्याचं कुलदैवत वेगळं असू शकतं. ज्याचं तोंड पाहिलं नाही अशा माणसाची इतकी बडदास्त आम्ही जावयाचीसुद्धा ठेवत नाही.

या हिशेबात काही गाड्या केव्हाच संतपदाला पोचल्या. बोलेरो आहे, डिझेल स्विफ्ट आहे, आणि सगळ्यांच्या वर इनोव्हा. ती २००५ साली आली. त्या पहिल्या लॉटमधल्या काही गाड्यांनी या दोन तालुक्यांत कारखान्याच्या निवडणुका, जिल्हा परिषदा, साखरपुडे आणि दहावे इतके पाहिलेत की त्यांच्या डिकीत बसून कुणी तालुक्याचा इतिहास लिहावा. मीटर तीन लाखांवर गेलेला असतो, तरी एजंट म्हणतो, "इंजिनाला हात लावलेला नाही." हे तो ज्या आदरानं म्हणतो, त्या आदरानं लोक आपल्या आजोबांच्या दातांबद्दल बोलतात.

आणि आता या संतमंडळीत हायब्रीड येऊन बसली आहे. तिच्यात इंजिन आहे, मोटर आहे आणि एक बॅटरी आहे. इंजिनाबद्दल कुणाची तक्रार नाही, मोटरीबद्दल तर आम्हा बागायतदारांना जन्मजात माया. सगळं घोडं पेंड खातं ते बॅटरीपाशी.

याचं कारण असं की बॅटरी म्हणून आम्ही आजवर जे काही ओळखतो, त्यानं आम्हाला कधी सुख दिलेलं नाही. पहिली ओळख इन्व्हर्टरची. लोडशेडिंगच्या काळात ती देव्हाऱ्याशेजारी मांडली, तिला डिस्टिल्ड वॉटर पाजलं, तिच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुतली, आणि तीन-चार वर्षांत तिनं मान टाकली. दुसरी ओळख ट्रॅक्टरच्या बॅटरीची. ती खराब होत नाही, कारण त्याआधीच चोरीला जाते. तिसरी मोबाइलची, जी रात्री शंभर टक्के असते आणि मोटर चालू झाली का हे ॲपवर बघायच्या वेळी दोन टक्के. अशा माणसाला जर कुणी सांगितलं की वीस लाखांच्या गाडीच्या पोटात एक मोठी बॅटरी आहे, तर तो आधी काय विचारेल?

"पाणी घालावं लागतं का?"

नाही.

"भंगारात काय किलो जाईल?"

या प्रश्नावर शोरूममधला टाय लावलेला पोरगा गडबडतो. त्याला माइल्ड आणि स्ट्राँग यातला फरक सांगायचा असतो, रिजनरेटिव्ह ब्रेकिंगचं ॲनिमेशन दाखवायचं असतं. पण प्रश्न रास्त आहे. इन्व्हर्टरची बॅटरी मेली तरी तिच्यातल्या शिशाला वजनावर भाव आहे. मेलेल्या बॅटरीची सोय ठरलेली आहे. या नव्या बॅटरीचं तेरावं कुठं घालायचं, हे आमच्या भंगारवाल्याला अजून ठाऊक नाही.

खरं तर हायब्रीड या शब्दावरच आपल्याकडं एवढे बरेवाईट संस्कार झालेत की गाडीचा दोष निम्माच. २००८ साली होंडानं सिव्हिक हायब्रीड आणली, साडेएकवीस लाखांच्या आसपास. ती इतकी पडून राहिली की काही महिन्यांतच कंपनीनं किंमत सुमारे आठ लाखांनी उतरवली. आता ज्या भल्या माणसांनी आधी घेतली होती त्यांचा विचार करा. गाडीचा रिसेल गिऱ्हाइकानं पाडलेला आपण पाहिलाय. इथं तो बनवणाऱ्यानंच पाडला, आणि तोही गाडी नवी असताना. मग २०१० मध्ये टोयोटाची प्रियस आली. ती जपानमध्ये १९९७ पासून रस्त्यावर होती, पुढं परदेशांत टॅक्सी म्हणून लाखो किलोमीटर पळाली, पण बारामतीच्या भिगवण चौकात ती कुणी पाहिली असेल तर त्यानं जरूर कळवावं.

पुढं २०१५ मध्ये आणखी गंमत झाली. केंद्राची फेम योजना आली आणि छोट्या बॅटरीच्या माइल्ड हायब्रीडलासुद्धा सवलत मिळू लागली. डिझेल सियाझ आणि अर्टिगाच्या पाठीवर एसएचव्हीएस अशी चार अक्षरं उमटली. ती बॅटरी गाडी ढकलायची नाही, इंजिनाला नुसता टेकू द्यायची; पण मालक सांगताना "आपली हायब्रीड आहे" असंच सांगायचा. २०१७ च्या एप्रिलपासून माइल्डची सवलत गेली, जुलैत जीएसटी आला आणि मोठ्या हायब्रीडवर सेस धरून ४३ टक्के कर बसला. अक्षरं पाठीवर तशीच राहिली. म्हणून आज २०२२ नंतरची ग्रँड व्हिटारा, हायरायडर, सिटी किंवा हायक्रॉस ही खरी स्ट्राँग हायब्रीड मंडळी बाजारात उभी राहतात तेव्हा त्यांना जुन्या माइल्ड भावकीचे सगळे हिशेब चुकते करावे लागतात. एखाद्याच्या सियाझचं काहीतरी बिघडलेलं असतं, आणि नाव हायक्रॉसचं खराब होतं. भावकीत असं चालायचंच.

आमच्या तालुक्यातला एक जुन्या गाड्यांचा एजंट आहे. मूळचा बैलांचा व्यापारी. काष्टीच्या शनिवारच्या बाजारात त्यानं उमेदीची वर्षं घालवली. बाजारातले बैल कमी झाले तसा तो बोलेरोकडं वळला. धंदा तोच आहे म्हणतो. बैलाचे दात मोजून वय काढायचं. दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळलेला. चालवून बघायचा, खोड आहे का विचारायचं, मालक "नाही" म्हणतो ते ऐकून घ्यायचं आणि पुन्हा बैलाकडंच बघायचं. शेवटी रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचा, म्हणजे शेजाऱ्याला कळायला नको. गाडीचंही तो तसंच करतो. टायर म्हणजे खूर, सायलेन्सर म्हणजे श्वास. दरवाजाचं रबर ओढून खालचे वेल्डिंगचे ठिपके बघतो, पत्र्यावर बोटाच्या पेरानं टकटक करतो आणि सांगतो, "डाव्या अंगाला लागलेली आहे. पालखी मार्गाचं काम चालू होतं तवा." मालक चाट पडतो. एका बापाला वाटावं की आपल्या पोराबद्दल जे आपल्याला ठाऊक नव्हतं ते मास्तरला ठाऊक आहे, तशी मालकाची अवस्था.

त्याचं मुख्य हत्यार म्हणजे कान. चालू इंजिनापाशी तो डोळे मिटून उभा राहतो. डिझेलची खडखड ऐकून इंजेक्टर सांगतो, टर्बो सांगतो, मालकानं ऑइल बदलायला किती उशीर केला तेही सांगतो. या माणसासमोर एके दिवशी स्ट्राँग हायब्रीड येऊन उभी राहिली.

"करा चालू," तो म्हणाला.

मालकानं ब्रेक दाबून बटण दाबलं. समोरच्या पडद्यावर 'रेडी' उजळलं.

"करा की."

"झाली."

"काय झाली?"

"चालू झाली."

एजंटानं बॉनेटवर तळहात ठेवला. कान दगा देतील तेव्हा हात. हातालाही काही लागेना.

"मालक, इंजिन चालू करा म्हणतोय मी."

"ते त्याच्या मनात आलं की होतं."

एजंटानं टोपी काढून पुन्हा घातली. आयुष्यात खोडील बैल त्यानं पुष्कळ पाहिले, बसके, मारके, अंगावर पाणी न घेणारे; पण मनात आलं तरच उठणारं जनावर विकायला आणलेलं हे पहिलंच. बॉनेट उघडून तो आत वाकला, आणि नेमकं त्याच वेळी इंजिनाच्या मनात आलं. घुर्र झालं. एजंट दोन पावलं मागं. मग छाती सावरून त्यानं कान पुढं नेला, डोळे मिटले, आणि इंजिन बंद पडलं.

"पडली बंद!"

"बंद नाही, बॅटरीवर गेली."

"बॅटरी कुठंय?"

"मागं, डिकीखाली."

"दाखवा."

"ती उघडता येत नाही. तिथं भगव्या वायरी आहेत, त्यांना हात लावायचा नसतो."

हे मात्र अगदी खरं. त्या नारिंगी रंगाच्या वायरी म्हणजे उच्च दाबाची वीज, जगात सगळीकडं त्याच रंगाची खूण. पण विचार करा, आपण एक बैल विकायला आणलाय, तोंड बांधलेलं आहे, दात बघायचे नाहीत, बघायला गेलात तर झटका बसेल, आणि भाव मात्र दातांवरच ठरणार आहे. एजंटानं रुमाल खांद्यावर टाकला आणि एवढंच म्हणाला, "कागदपत्रं ठेवून जावा, बघतो."

दात बघायची सोय नाही असं नाही. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये संगणक लावून बॅटरीच्या एकेका गटाची तब्येत बघतात, त्याचा छापील अहवालही मिळतो. पण अहवाल आणि एजंट यांचं गोत्र जमत नाही. कागदावर 'उत्तम' लिहिलेलं असलं की त्याला संशय जास्त येतो. म्हणतो, पेपर तर सगळ्यांचेच क्लिअर असतात.

आणि त्या झाकलेल्या बॅटरीचं खरं रूप बघितलं तर हसू येईल. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रीडमध्ये जी बॅटरी आहे, तिच्यात पाऊण युनिट वीज मावते. तेवढ्यावर विहिरीवरची पाच एचपीची मोटर दहा-बारा मिनिटं चालेल, म्हणजे एका सरीच्या टोकाला पाणी पोचायच्या आत बंद. हिच्या भरवशावर गाडी पुण्याला जाणार नसतेच. हिचं काम ब्रेकला वाया जाणारी ताकद टिपून ठेवायची, गाडी हलताना परत द्यायची आणि पुन्हा टिपायची. संगणक तिला कधी पूर्ण भरू देत नाही, कधी पूर्ण रिकामी होऊ देत नाही. आमच्या मोबाइलचे जे हाल होतात, रात्री तुडुंब आणि दुपारी उपाशी, ते तिच्या वाट्याला येतच नाहीत. ती टिकते ती या मधल्या पोटावर.

तिचा वैरी एकच, उष्णता. आणि तो आमच्याकडं एप्रिलपासून मुक्कामाला असतो. म्हणून बॅटरी गार ठेवायला एक छोटा पंखा असतो आणि जिथं बॅटरी मागं असते तिथं हवा आत घेणारी जाळी मागच्या सीटजवळ ठेवलेली असते. आता नवी गाडी घेतल्यावर पहिलं काम काय? सीट कव्हर. कव्हरवाला अगदी चोख माणूस. पुढच्या गिऱ्हाइकाला सीट कोरी मिळावी म्हणून रेक्झिन असं ओढून बसवतो की जाळी त्याच्या आड जाते. वर मग पाय पुसायचा टॉवेल, निमगाव केतकीहून आणलेलं पानांचं पुडकं आणि लग्नातून आलेल्या आहेराच्या पिशव्या. बॅटरी आत घुसमटते. ज्या रिसेलसाठी कव्हर घातलं, तो रिसेल त्याच कव्हराखाली गुदमरतो.

सगळ्यात सुंदर मात्र ही गाडी गळीत हंगामात दिसते. कारखान्यांचे बॉयलर पेटले की रस्त्यावर दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर येतात. पाठीमागं लाल दिवा नाही, पुढं मात्र स्पीकर आहे आणि त्यावर गाणं आहे. अशा ट्रॅक्टरमागं ताशी दहाच्या चालीनं भवानीनगर ते लासुर्णे जायचं म्हणजे डिझेलवाल्याचा जीव आणि क्लच दोन्ही जातात. हायब्रीडवाला शांत. त्याचं इंजिन झोपलेलं असतं, गाडी बॅटरीवर सरपटत असते, पडद्यावर हिरवी पानं उमलत असतात. कंपनी सांगते तो पेट्रोलच्या लिटरमागं २७.९७ किलोमीटरचा आकडा कुणाला मिळायचा असेल तर तो अशा रस्त्यावर, उसाच्या ट्रॉलीमागं मिळेल. सोलापूर हायवेवर सरडेवाडीचा टोल ओलांडून एकशेवीसनं पळणाऱ्याला तो मिळायचा नाही. दुर्दैव असं की गाडी घेणारा कधी म्हणत नाही, मला ट्रॅक्टरमागं जायचंय.

त्या पेट्रोलचीही एक गोष्ट आहे. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं. म्हणजे माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कुठल्या ना कुठल्या कारखान्याला घातलेला ऊस फिरून आपल्याच टाकीत येतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ताकद कमी, त्यामुळं ॲव्हरेज थोडं पडतं. ॲव्हरेज पडलं म्हणून पंपावर तावातावानं बोलणारा आणि पहिली उचल जास्त पाहिजे म्हणून कारखान्याच्या सभेत माइक ओढणारा माणूस बहुधा एकच असतो. २९ ऑगस्ट २०२३ ला नितीन गडकरींनी दिल्लीत इनोव्हा हायक्रॉसचं एक रूप दाखवलं, जे इथेनॉलवरही चालेल आणि बॅटरीवरही. आमच्या पट्ट्यासाठी याहून मोठी सोयरीक कुठली? तरी ते चित्र बघून चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न आला तो असा: "ऊस ठीक आहे, बॅटरीचं काय?"

बॅटरीचं काय, याचं उत्तर कंपन्यांनी छापलेलं आहे. आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते. यातलं 'जे आधी होईल ते' हे वाक्य जपानमध्ये सुचलेलं असावं. आठ वर्षांत एक लाख साठ हजार, म्हणजे रोजचे पंचावन्न किलोमीटर. बारामती ते इंदापूर एका बाजूनं साधारण पन्नास. आमच्याकडचा जरा उठबस असलेला माणूस सकाळी एका दहाव्याला, दुपारी एका साखरपुड्याला आणि संध्याकाळी कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली उभा असतो. त्याची वॉरंटी चौथ्या वर्षीच संपते. आणि जो मास्तर किंवा बँकेतला माणूस रोज पाच किलोमीटर चालवतो, त्याची वर्षं आठ पुरतात; पण त्यानं कर्ज सात वर्षांचं घेतलेलं असतं. म्हणजे गाडी पूर्ण स्वतःची आणि बॅटरी कंपनीच्या जिवावर, असं सुख त्याच्या नशिबी एकच वर्ष. त्या वर्षात तो गाडी विकायला काढतो.

तेव्हा मग भाव कोण ठरवतं? बॅटरी नाही, अहवाल नाही. रस्ता ठरवतो. बॅटरी बदलायला किती लागतात, हा आकडा बारामतीच्या तीन हत्ती चौकात निघतो तेव्हा दीड लाखाचा असतो. काटेवाडीत, जिथं तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, तिथं आकडाही एक रिंगण घेऊन दोन लाखांचा होतो. भवानीनगरला कारखान्याच्या गेटवर अडीच. बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे करत निमगाव केतकीला पानाच्या टपरीवर तो चार झालेला असतो. इंदापूरच्या बस स्थानकासमोर एकजण शपथेवर सांगतो, "तेवढ्यात नवी स्विफ्ट येतीय, पाव्हणं."

कुणाची बॅटरी गेली, हे मात्र कुणाला सांगता येत नाही. इंदापूरकर म्हणतो, बारामतीतल्या एका डॉक्टरची. बारामतीत विचारावं तर डॉक्टर म्हणतात, आमची चांगली आहे, ते भिगवणचे कुणी आहेत. भिगवणला मासे खात बसलेला माणूस चिलापीचा काटा बाजूला काढत सांगतो, पुण्याचा होता तो, फ्लेमिंगो बघायला आला होता. आणि पुण्यात कुठंतरी कुणीतरी आत्ता सांगत असेल, बारामतीकडच्या एका बागायतदाराची बॅटरी गेली म्हणे, चार लाख लागले. एवढ्या गावांचा रिसेल पाडणारा तो गृहस्थ मला एकदा भेटावा अशी फार इच्छा आहे. त्याचा सत्कारच करायला हवा. उजनीचं पाणीसुद्धा इतक्या लांब पोचलेलं नाही.

आणि गंमत बघा, हे सगळं घडतं कुठं? ज्या बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओच्या कारखान्यात बॅटरीवरच्या आपे रिक्षा तयार होतात, तिथं. तिथं पाळी करून घरी आलेला पोरगा दिवसभर बॅटऱ्या बसवतो आणि रात्री बापाबरोबर बसून ठरवतो की आपण डिझेलच बघू. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर ज्यांनी वसवलं त्या वालचंद हिराचंदांनीच १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली, जिथून पुढं पद्मिनी आली. परवान्यांच्या राज्यात त्या गाडीसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे आणि हातात आलेली गाडी घेतल्या भावापेक्षा जास्तीला जायची. नुसतं बुकिंगसुद्धा विकायचे. पद्मिनीचा गिअर अडायचा, दार दोनदा आपटावं लागायचं, चढाला रेडिएटर उकळायचा. पण ते सगळं दिसायचं, ऐकू यायचं, पाण्याच्या बाटलीनं आणि पान्यानं भागायचं. माणूस दिसणाऱ्या खोडीला घाबरत नाही.

करानंही आता हायब्रीडची बाजू सोडली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या हायब्रीडचा कर ४३ वरून ४० वर आला, आणि मोठ्या डिझेल एसयूव्हीचा ५० वरून त्याच ४० वर. म्हणजे एवढी वर्षं बॅटरीवाल्याला जी सात टक्क्यांची पायरी होती ती एका दिवसात सपाट झाली. ज्यानं आदल्या महिन्यात गाडी घेतली त्याच्या तोंडाकडं पाहवत नव्हतं, पण पाहणारे पुष्कळ जमले होते.

हायब्रीड बंद पडते तेव्हा बहुतेक वेळा त्या मोठ्या बॅटरीचा काही दोषच नसतो, हे सांगायला हवं. तिच्या पलीकडं एक साधी बारा व्होल्टची बॅटरी असते, आपल्या नेहमीच्या गाडीत असते तसलीच. ती संगणक जागा करते. ती उतरली की मोठ्या बॅटरीत जोर असून उपयोग नाही. पैलवान आत तयार, पण आखाड्याच्या दाराची किल्ली हरवलेली. इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नीरा-भीमेच्या संगमावर नीरा नरसिंहपूरला असंच झालं. एक कुटुंब दर्शनाला गेलेलं. मोठी माणसं देवळात, पोरं गाडीत. पोरांनी ब्रेक न दाबता बटण दाबलं, गाडी 'रेडी' झालीच नाही, पण पडदा उजळला. त्यावर त्यांनी तासभर गाणी ऐकली. मालक आला तेव्हा छोटी बॅटरी पार उतरलेली. बटण दाबलं, काही नाही.

बंद गाडी दिसली की आमच्याकडं माणसं आपोआप गोळा होतात. सहा जण पाठीमागं लागले. "सेकंडला टाका, मालक!" मालक सांगत होता की याला सेकंड नाही. "मग फर्स्टला टाका!" गिअर पार्किंगमध्ये अडकलेला, छोटी बॅटरी मेल्यामुळं निघत नव्हता, चाकं जाम. सहा जणांनी रेटा दिला, गाडी तसूभर हलली नाही. एकानं चाकाखालचा दगड शोधला, दगड नव्हता. तेवढ्यात एक ट्रॅक्टरवाला थांबला. त्यानं आपल्या बॅटरीवरून दोन वायरी जोडल्या, मालकानं ब्रेक दाबून बटण दाबलं, पडद्यावर 'रेडी' उजळलं. वायरी काढल्या. आवाज अर्थातच शून्य. मालकानं गिअर टाकला.

मागच्या सहा जणांचे हात डिकीवरच होते. एकानं "हर हर महादेव" म्हटलं, सगळ्यांनी एकदम जोर लावला, आणि गाडी निघाली. वळणापर्यंत ते तिच्यामागं पळत गेले, आतून मालक "चालू झालीय, सोडा!" म्हणून ओरडत होता, पण काचा बंद होत्या. वळणावर गाडी सुटली तेव्हा सहाही जण गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकत उभे राहिले.

त्यातला एक जण जुनी गाडी बघतच होता. संध्याकाळी पारावर त्यानं सांगितलं, "सहा जणांनी ढकलली, तवा कुठं हलली. बॅटरी गेलेली होती." गाडीचे पन्नास हजार तिथंच कमी झाले. दुसऱ्या दिवशी बातमी इंदापुरात पोचली तेव्हा ढकलणारे दहा होते, आणि कमी झालेले लाख.